पोटाला टाका नको

१२ जून १९९३, माधवनगर
गाठ कॅन्सरचीच! जांघेत एक, आत पोटात आणखी. माझ्या पोरीला, आमूला, आत्ता पंधरावं लागलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा बरा होणारा आहे. बाकड्यावर बसून रडलो.

१५ जून
डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला आत घेतलं. ओटीपोटावर किरणं द्यायची. अंडाशयं त्याच वाटेत — जळणार. पुढं मूल नाही. आधी छोटं ऑपरेशन करून ती बाजूला सरकवून शिवता येतात. "खात्री देत नाही. पण आशा राहील."

बायकोला, बनाला, बोललोच नाही. थोरल्या भावाला विचारलं. यल्लाप्पादादा म्हणाला, "आदीच कॅन्सर, त्यात पोटाला टाका! नवरा इचारंल न्हवं, टाका कसला म्हणून?"
"आणि मूल?"
"ते काय भायेरनं दिसतंय व्हय रं?"

१८ जून
नको म्हणून सांगून आलो. बाईंनी फाईल मिटली. मग — "मुलीला विचारलंत?"
पंधरा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं!

९ मार्च १९९४
किरणं झाली, सुया संपत आल्या. आमूची पाळी गेली ती गेलीच. बना म्हणते, अशक्तपणा असंल, खजूर आणा. आणला.

२ मे १९९९
आमू बरी! पाच वर्षं झाली, तपासणी बंद. डी.एड. पण झाली. पण स्थळं कॅन्सर ऐकलं की चहा अर्धा ठेवून उठतात. चार गेली. दादा आता म्हणतो, बिजवर बघ.

२० मे
कवठे महांकाळचं स्थळ आईला घेऊन बघून गेलं. नागसेन, एसटीत कंडक्टर. बायको वारली, दोन लहान पोरं. माणूस शांत वाटला. कॅन्सरचं सांगितलं — चालतंय म्हणाले! बाकीचं सांगितलं नाही. सांगणार पण नाही. लग्नानंतर बघू. दोष कुणाचा, कुणाला कळतंय?

२३ मे
होकार! नागसेनची आई, हरणाबाई, स्वतः आली. बनाचा हात धरून म्हणाली, "आमाला अशीच पायजे हुती. हिला सोताचं हुनार न्हाई, मंजी माज्या नातवंडांची आबाळ न्हाई."
बना माझ्याकडं बघत राहिली.
मी विचारलं, कुणी सांगितलं?
"आवं, पोरीनंच की. बघायला आलो तवाच, आत च्या करताना."
आमू कप गोळा करत होती. वर न बघता म्हणाली, "मला डॉक्टरांनी सतराव्या वर्षीच सांगितलं, आप्पा. ऑपरेशनचं पण."