नवे टायर पुढं

२० मार्च २०१६, लातूर

अकरा दिवस झाले. वही ह्यांचीच. गाडीत ठेवायला आणली होती, कोरीच राहिली.

वीरभद्र. लिहिलं बघा. लग्नाला सहा वर्षं झाली, पण हे नाव मी उखाण्यातच घेतलं. आता घेतलं तरी ओ द्यायला कोण आहे.

मुरुडच्या अलीकडं, वळणावर झालं. ती लाल, दोन सिटांची गाडी - पुण्याहून जुनी आणलेली, पण पळण्यात कुणाला ऐकायची नाही. पुढं पाण्याचा टँकर गेला होता. त्याचा नळ गळत होता, वळण ओलं झालं होतं. गाडी फिरली अन् बाभळीवर गेली. सगळ्या जिल्ह्यात प्यायला पाणी नाही, अन् ह्यांना नेमकं पाण्यानंच नेलं! आमच्यात पुरतात. घरामागच्या शेतात पुरताना जमीन इतकी कडक की पहार वाजायची. मला घरात ऐकू येत होती.

टँकरचा ड्रायवर सटवाजी आत आहे. जामीन राहायला कुणी पुढं येईना, आमच्या अप्पांशी - सासऱ्यांशी - वैर कोण घेईल. पण धावत आधी तोच आला होता म्हणे. अन् हे दहा मिनिटं शुद्धीवर होते म्हणे. म्हणजे शेवटचं जे काही बोलले असतील ते त्याच्याजवळ आहे. मला तेवढंच पाहिजे. दुसरं काही नको.

२२ मार्च

अप्पांना जेवताना भीत भीत म्हणाले, त्या माणसाला कुणी विचारेल का, हे काय बोलले. ताट सारलं त्यांनी. "त्याच्या तोंडून माझ्या लेकाचं नाव नको मला."

भाकरी तशीच राहिली. त्यांचीही, माझीही.

२३ मार्च

नळ पंधरा दिवसांनी येतो, म्हणून धुण्याचा ढीग साचलाय. त्यात ह्यांचा निळा शर्ट होता, शिवरात्रीचा. मळलेला. मी तो काढून कपाटात ठेवला. दुष्काळाचे एवढे उपकार झाले माझ्यावर.

२७ मार्च

दुपारी फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. सटवाजीची बायको, सिंधु. आत ये म्हटलं तर येईना. उन्हात तशीच बोलत राहिली. "टँकरच्या नळाला ट्यूब बांधली होती बाई. मालकाला धा बारी सांगितलं, नवा बसवा. त्यो म्हणायचा, पाणी तर पोचून राहिलंय ना." रडली नाही. मला तिचा राग आला, अन् रडली नाही याचाही आला.

तरी विचारलंच. हे काय बोलले होते, नवऱ्यानं काही सांगितलं का?

"इचारलं म्या. जेलात भेटायला गेले तवा. म्हणतो, सबूद दिलाय, सांगता येत न्हाई."

सबूद! कुणाला दिला? माझा माणूस गेला, त्याचं शेवटचं बोलणं माझं नाही तर कुणाचं? फाटक लावून घेतलं मी. फार जोरात लावलं.

२ एप्रिल

पोलीस ठाण्याच्या आवारात गाडी ठेवलीय. अप्पांबरोबर गेले, म्हटलं एकदा बघते. ह्यांचं तुळजापूरचं कुंकू अजून काचेला होतं. आरटीओचे साहेब तपासायला आले होते. वाकून चाकं बघितली अन् म्हणाले, "हे टायर कुणी बसवले असे?"

अप्पा म्हणाले, काय झालं.

"पुढचे दोन नवे कोरे, मागचे पार टकले. ह्या गाडीला जोर मागच्या चाकांचा. कोरड्यात खपून जातं. ओल्यात जोरात वळवली की मागचं आधी सुटतं, अन् एकदा सुटलं की कितीही भारी ड्रायवर असू द्या, सावरत नाही. वेगही कमी नव्हता. शंभराच्या लई वर."

अप्पा म्हणाले, "पाणी नसतं तर?"

"नसतं तर कदाचित निभावलं असतं."

"मग झालं तर," अप्पा म्हणाले, अन् मला चल म्हणाले. मी वळून पुन्हा चाकं बघितली.

३ एप्रिल

मीच म्हणाले होते. पुढं घाला.

हे सोलापूरला गेले होते. शिवरात्रीच्या आधी गॅरेजवाल्या विरूपाक्षाचा फोन आला - वहिनी, त्या मापाचे दोनच टायर आले पुण्याहून, बाकीचे पंधरवड्यानं. कुठं घालू? मी कसला विचार करते. आमच्या बाबांची उदगीर-जळकोट काळीपिवळी होती वीस वर्षं. नवा टायर पुढं, जुना मागं - पुढचा फुटला तर गाडी हातची जाते, हे मी बाराखडीबरोबर शिकले. सगळ्या मराठवाड्यात असंच घालतात. मोठ्या ऐटीत सांगितलं मी.

हे आले, गाडीभोवती एक चक्कर मारली. मागच्या चाकाशी बसले जरा वेळ. माझ्याकडं बघून हसले. म्हणाले, चांगलं केलंस.

६ एप्रिल

विरूपाक्षाकडं गेले. त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "वहिनी, मी म्हणलो होतो, ह्या गाडीच्या पुस्तकात नवे मागं घाला म्हणून लिवलंय. तुम्ही म्हणलात आमचे बाबा काय खुळे होते का." मग हळूच म्हणाला, "आता कशाला उकरून काढता. टँकरवाला गावलाय की."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. अन् एक दुसरंही. औशाच्या रस्त्यावर ह्यांनी पहिल्यांदा बसवलं होतं मला त्या गाडीत. पदर तोंडात धरून हसत होते मी. हे म्हणाले, भ्यालीस? मी म्हणाले, अजून पळवा की.

तो दिवस परत पाहिजे मला. तसाच पाहिजे, अन् तोंडातलं तेवढं एक वाक्य गिळायचंय.

१२ एप्रिल

पाण्याची रेल्वे आली. सगळं लातूर स्टेशनवर. बाबा उदगीरहून आले. एरवी उंबऱ्यात पाय ठेवला की उदगीर जिल्हा कधी होणार, कलेक्टर कचेरी कुठं बसणार, हेच चालू. आज मी टायरचं सांगितलं, तर जिल्ह्याचं नावही काढलं नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली. "शिकवण माझीच की गं उमा," एवढंच म्हणाले.

१५ एप्रिल

बोलले तर अप्पांच्या घरात मला जागा राहायची नाही. अन् लोक म्हणणार, बायकोनंच घालवला. नाही बोलले तर तो सटवाजी आत सडणार. कपाट उघडून शर्टाशी बसले. वास कमी होत चाललाय.

१८ एप्रिल

ठाण्यात जबाब दिला. बाबा बरोबर होते. टायर मी पुढं घालायला लावले, असं लिहून घेतलं. लिहिणारे हवालदार थांबले. "ताई, मयत गाडी फार जोरात चालवत होते, हेही लिहू?"

ह्यांच्याविरुद्ध मी कधी शेजारणीजवळसुद्धा बोलले नव्हते.

लिहा म्हणाले. नळ गळत होता हेही राहू द्या म्हणाले. जेवढं ज्याचं तेवढं त्याचं.

अप्पांनी रात्री एवढंच विचारलं, "पोरी, त्यात तुला काय मिळालं?" माझ्या पोटातला स्वार्थ मलाच ठाऊक - तो सुटला तर बोलेल.

२० एप्रिल

बाबांनी जळकोटच्या रानाचा सातबारा नेला अन् जामीन राहिले. बेचाळीस दिवसांनी सटवाजी बाहेर आला. अप्पा माझ्याशी बोलत नाहीत.

२२ एप्रिल

सटवाजी आला होता. पायरीच्या खालीच उभा राहिला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "तुमी सोताच सांगितलं म्हणून आता बोलतो बाई. टँकरचं पाणी वंजळीनं पाजलं म्या, दोन घोट घेतलं. म्हणाले, मागचं सुटलं रे. टायरचं उमाला कळू देऊ नको. म्या हाव म्हणलो."

एवढं एक वाक्य ठाण्यात सांगितलं असतं, तर तो कधीच सुटला असता.