जाळरेषेवरच्या शेळ्या

३ फेब्रुवारी

आल्या! साठ शेळ्या, दोन बोकड. अख्खं गाव बघायला दारात. देओलिंदा मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "झुल्मीरा, कोइंब्रासारख्या शहरातली नोकरी सोडून शेळ्या वळणार? बापानं याच्यासाठी शिकवलं?"

जळलेल्या रानात झुडपं पुन्हा कमरेइतकी वाढलीत. शेळ्या ती खातील, आग अडवायला राखलेला पट्टा, म्हणजे जाळरेषा, मोकळी राहील, नगरपालिका मोबदला देईल. शिवाय दुधाचं चीज. कागदावर छान दिसतं. राखणीला मात्र माणूस मिळत नाही.

१९ फेब्रुवारी

माणूस मिळाला. अदेरितु.

सहा वर्षांपूर्वी ज्यानं रान पेटवलं, ज्या आगीत बाबा गेले — तोच. शिक्षा भोगून परत आलाय. त्याची आई वारली, घरात एकटाच. बेकरीवाली त्याच्या हातात पाव देत नाही, फळीवर ठेवते. आज सकाळी फाटकाशी टोपी काढून उभा. "काम असेल तर द्या."

मी हो म्हटलं!

२० फेब्रुवारी

मावशीनं सूप आणलं, भांडं ओट्यावर आदळलं. "तुझ्या बापाला काय वाटत असेल?"

"बाबांना आता काही वाटत नाही, मावशी."

ती रडली. मी नाही.

६ मे

विद्यापीठातून एक बाई आल्या. निसर्ग राखणारे, माणसांना उभं करणारे धंदे लोक का काढतात, याचा अभ्यास करतात. रेकॉर्डर समोर ठेवून विचारलं, "तुमची प्रेरणा?" मी सांगितलं — बाबांचं रानावरचं प्रेम. आणि क्षमा. बाईंचे डोळे भरून आले.

खोटं! बाबांनी जन्मभर निलगिरी लावली आणि कागद कारखान्याला विकली. तीच तर भडाभडा जळली. आणि क्षमा कसली? ऑगस्टात वारा सुटला की हा माणूस कुठे आहे हे मला माहीत हवं. शेळ्या आणल्या भीतीपोटी. त्याला ठेवलं तेही भीतीपोटी. असलं कुणाला सांगायचं?

२२ जून

अदेरितु जेवायला भर उन्हात, माझ्या खिडकीसमोर बसतो. गोठ्यात एवढी सावली असताना! मला खिजवतोय?

१४ ऑगस्ट

पूर्वेचा वारा. दुपारी पलीकडच्या डोंगरावर धूर. मी आधी अंगणात धावले — अदेरितु शेळ्या कोंडत होता.

थोड्याच वेळात गावातली माणसं आली, हातात काठ्या. "कुठंय तो?"

"इथंच. सकाळपासून माझ्यासमोर आहे."

कुणाचा विश्वास बसेना. तेवढ्यात मागून मावशीचा आवाज — "मीपण बघत होते. जा, पाण्याच्या नळ्या ओढा!"

आग डोंगर उतरून आमच्या जाळरेषेपर्यंत आली. खायला काही मिळालं नाही, तिथेच बसली. बंबवाल्यांनी विझवली. गाव वाचलं. अंगाला अजून धुराचा वास आहे.

१६ ऑगस्ट

गोठा झाडताना अदेरितुनं विचारलं, "मला का ठेवलंत?"

खरं तेच सांगितलं. "नजर ठेवायला."

तो झाडायचा थांबला. "म्हणूनच तर आलो," म्हणाला. "वारा सुटला की मलाच माझा भरवसा वाटत नाही."