इंजिन पोचलं, डबा राहिला

सांगली,
६ जानेवारी २०२५

दादा,

तुला नमस्कार, वहिनींना नमस्कार, आणि साताऱ्याच्या तुझ्या शोकेसला पण नमस्कार.

पत्र बघून हसशील. हस. व्हॉट्सअ‍ॅपवर माझे मेसेज निळे होऊन पडलेत, उत्तर नाही. फोन केला की तू गाडी चालवत असतोस, मग वहिनी फोन घेतात आणि विचारतात, जेवलीस का. कागदाला निळी टिक येत नाही. म्हणून कागद.

इकडं सगळं आहे तसं. आईचा गुडघा आहे तसा. कॉलेजात अजून तासावरच आहे. पर्मनंटचं नाव काढलं की प्राचार्य खिडकीबाहेर बघतात. कारखाने चालू झाल्यापासून रोज उसाच्या ट्रॉलीमागं अडकते, त्यामुळं ट्रॅक्टरवरची सगळी गाणी पाठ झालीत.

कामाचं बोलते. मला काळं इंजिन पाहिजे.

शोकेसमधली आण्णांची तिन्ही खेळण्यातली इंजिनं मागत नाही. चावीचं हिरवं तुझ्या ऋषिराजला राहू दे, पोराचा जीव आहे त्यावर. ते कुठनं आलं हे तुला माहीत नसेल, तू त्या दिवशी तालमीत होतास. पाचगणीच्या शाळेतले एक म्हातारे सर गाव सोडून चाललेले आणि घरातलं सामान विकत होते. मिरजेच्या लोको शेडमध्ये आण्णांना कुणीतरी हे सांगितलं, की झालं. वाई सोडल्यावर घाटात मला गाडी लागली. येताना आण्णांनी माझा स्वेटर काढून इंजिनाला गुंडाळला. मी कुडकुडतेय, इंजिन उबेत. घरी आई ओरडली, "पोरगी गारठली की वो!" तर आण्णा म्हणाले, "पोरगी हुईल गरम. जर्मन स्प्रिंग हाय, गारठली की तुटती."

मिरज-कुर्डुवाडीच्या बारक्या गाडीचं त्यांनी स्वतः केलेलं पत्र्याचं, तेही ठेव. त्याचा बॉयलर म्हणजे आईच्या पावडरचा डबा. आख्खी पावडर पेपरवर ओतलेली बघून आई काय काय बोलली ते मी लिहीत नाही, ती शेजारीच बसलीय.

पण काळं माझं आहे. म्हणजे माझं असं कुणी म्हटलेलं नाही, पण आहे. मिरजेचे एक डॉक्टर परदेशी जाताना आण्णांना देऊन गेले, बंद पडलंय म्हणून. आण्णांनी आणि मी चालू केलं. रूळ खोडरबरनं घासायचे ही माझी ड्यूटी. शाळेतल्या बाई विचारायच्या, तुझं खोडरबर एवढं काळं कसं गं? शिलाई मशीनचं तेल, काडीच्या टोकानं, एकच थेंब. दुसरा पडला की आण्णा अशी मान हलवायचे की जेवण जायचं नाही.

महापुरात तू विट्याकडनं फिरून पिकअप घेऊन आलास. आधी इंजिनं चढली, मग आण्णा, मग आई, मग फ्रिज. पाणी उतरल्यावर आण्णा परत आले, आई आली, फ्रिजसुद्धा आला. इंजिनं "असू दे सध्या" म्हणून साताऱ्याला राहिली. आण्णांना जाऊन वर्ष झालं. सध्या अजून संपलेलं नाही.

(इथं एक ओळ होती. खोडली. उजेडात धरून वाचायला जाऊ नकोस, नीट गिरगटलीय.)

आई म्हणते, "आगं, खेळण्यापायी भावाशी वाकडं घेतीस व्हय? उद्या माहेर म्हणून त्येच्याच दारात जायाचंय तुला." बघ म्हणजे, वकील तुझ्याकडं आहेच.

चोवीस तारखेच्या शुक्रवारी त्या कामाला मी येते. नाही म्हटलेलं नाही. आधार कार्ड, फोटो घेते. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

तुझी, इंजिनापुरती हट्टी,
दिपा


सांगली,
१५ जानेवारी

दादा,

आत्याचा पप्पू काल पार्सल देऊन गेला. तिळगूळ मिळाला. गोड बोलायचा प्रयत्न करते, पण पहिल्या पॅराच्या पुढं टिकेल असं वाटत नाही.

खोक्यात वर तिळगूळ. त्याखाली हिरवी साडी, जरीकाठाची. साडीच्या घडीत इंजिन. वर वहिनींची चिठ्ठी, "शुक्रवारी हीच नेसून या, शोभेल."

मी इंजिन बाहेर काढलं. खोक्याच्या तळाला बघितलं. साडी झटकली. परत झटकली. पप्पू म्हणाला, "काय हरवलं का गं?" म्हटलं, निम्मी गाडी.

मग तुला फोन केला. आपलं बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या म्हणशील मी असं बोललोच नाही.

"दादा, मागचा डबा कुठाय?"

"कसला डबा?"

"टेंडर. इंजिनाच्या मागं कोळशाचा असतो तो."

"ते व्हय! ते ठेवलं. त्याला मागचे डबे जोडल्यात, काढलं की शोकेस मोकळी दिसती. इंजिन मागितलं हुतंस, इंजिन दिलं."

"अरे, मोटर त्यात आहे."

"कशात?"

"कोळशाच्या डब्यात. इंजिनात काही नाही. डबा मागनं ढकलतो तेव्हा इंजिन पळतं."

"काय सांगतीस! मग म्होरं एवढी चाकं, एवढे दांडे कशाला लावल्यात?"

"दिसायला."

तू लय हसलास. मला पण हसू आलं असतं, पण तू पुढं म्हणालास, "बरं, शुक्रवारी आणतो की. सही झाली की घिऊन जा."

सही झाली की.

आता, ज्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही म्हटलं होतं ते लिहिते. हक्कसोड. आण्णांच्या उसाच्या रानातला माझा हिस्सा मी राजीखुशीनं भावासाठी सोडते, असं साहेबासमोर म्हणायचं, अंगठा मशीनवर ठेवायचा, बाहेर येऊन चहा प्यायचा. माझं लग्न ठरायच्या आत, कारण जावई आला की प्रश्न विचारतो. खरं सांगू? मी करणार होते. आपल्यात सगळ्याच पोरी करतात. आत्यांनी केलं. माझ्याबरोबरच्या स्वप्नालीनं केलं, स्टेटसला फोटो पण ठेवला, भावाबरोबर, हार्ट टाकून. मी वर्गात पोरींना समान हक्क शिकवते, आणि येताना आधार कार्डाची झेरॉक्स काढून आणते. माझा मलाच वीट येतो, पण काढून आणली होती. पर्समध्ये आहे.

मागितलं काय मी? रान नाही, बांध नाही, बांधावरचं एक झाड नाही. वीतभर इंजिन. तेही तू निम्मं पाठवलंस, आणि राहिलेलं निम्मं सहीच्या पलीकडं नेऊन ठेवलंस. मुद्दाम नाही केलंस, हे मला कळतं. तेच जास्त लागतं. मुद्दाम करणाऱ्याशी भांडता तरी येतं. तुला आपलं वाटलं, म्होरचं चकचकीत दिलं की पोरगी गप बसेल.

आणि ती खोडलेली ओळ.

शोकेस लागली त्या दिवशी मी साताऱ्यातच होते. चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. आण्णा तुला म्हणाले, "हितंच ऱ्हाऊ दे सगळं. दिपा काय, परक्याची. तिला कशाला इंजिनं?" तू काच पुसत राहिलास. मी आत आले, चहा दिला. मग आण्णा मला म्हणाले, "दिपे, काळ्याचं चाक अडकतंय बग जरा."

मी बघितलं, दादा. तिथंच खाली बसून त्याचं चाक पुसलं. एक केस अडकला होता. वहिनींचा असेल, नाहीतर माझाच. तो काढला, एक थेंब तेल टाकलं आणि उठून त्यांना म्हटलं, झालं आण्णा. ते म्हणाले, "शाब्बास!"

ते शाब्बास अजून कुठं ठेवायचं मला कळत नाही.

राग तुझ्यावर निघतोय, हे मला दिसतंय. ज्याच्यावर काढायचा तो फोटोत हार घालून बसलाय आणि मला त्याची रोज आठवण येते. म्हणून तू. तू जिवंत आहेस, ही तुझी चूक.

दिपा

(साडी खुर्चीवर आहे. तिच्यावर कुणी बसत नाही.)


सांगली,
२१ जानेवारी

उदयसिंहदादा,

हे पत्र छोटं आहे आणि कुरियरनं पाठवतेय, म्हणजे शुक्रवारच्या आत मिळेल.

रविवारी माळ्यावरनं रूळ काढले. पुराच्या वेळी वर टाकलेले, म्हणून वाचले. हॉलभर गोल मांडले, खोडरबरनं घासले, ट्रान्सफॉर्मर लावला. लाल दिवा लागला. इंजिन ठेवलं. हललं नाही. हलणार नाही हे मला माहीत होतं, तरी मी बटण फिरवत बसले, लिफ्ट येत नाही म्हणून माणूस बटण दाबत राहतो तशी. आई मेथी निवडत होती.

"चालंना व्हय?"

"मोटर दादाकडं राहिली."

"मग ह्यात काय हाय?"

"काही नाही. खोकं."

आईनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. मग गुडघा धरून उठली, खुर्चीवरची साडी उचलली आणि काठावरनं बोट फिरवलं.

"माझ्या भावांनी बी हिरवीच दिलती," म्हणाली. "कराडला, कचेरीच्या भायेर झाडाखाली. पेढं बी हुतं."

मला हे माहीत नव्हतं. तुला होतं?

"तू कधी नेसलीस ती?"

"न्हाई बा."

"का?"

"रंग आवडला न्हाई."

आईचं कपाट आठव दादा. निम्म्या साड्या हिरव्या आहेत.

ती परत मेथीजवळ बसली. दोन-चार काड्या मोडल्या. मग खाली मान घालूनच म्हणाली, "त्या सातबाऱ्यावर माझं बी नाव चढलंय न्हवं?"

"चढलंय. दादाचं, माझं, तुझं."

"मग शुक्रवारी मला बी यावं लागंल सहीला?"

"लागेल."

"कळीव त्येला. म्हणावं आईचा गुडघा दुखतोय, यायचं जमत न्हाई."

"लय दुखतोय का गं?"

"आज न्हाई. शुक्रवारी दुखंल."

तर कळवते. माझा गुडघा दुखत नाही. मला तास आहेत असंही खोटं लिहीत नाही. मी येत नाही, एवढंच. शुक्रवारी नाही आणि पुढच्या कुठल्या शुक्रवारीही नाही.

घाबरू नकोस. कोर्ट-कचेरीची मला हौस नाही. रान तूच कस, ऊस तूच घाल, पाण्याच्या पाळीसाठी तूच भांड, ते सगळं तू करतोस आणि मनापासून करतोस. पण माझं नाव तिथं राहू दे. कशाला, विचारशील. चालवायला नाही, दिसायला नाही. असू दे सध्या.

साडी परत पाठवतेय. वहिनींना वाईट वाटेल, त्यांची काही चूक नाही. त्यांना एक विचार कधीतरी, त्यांच्या माहेरी कुठल्या रंगाची मिळाली होती.

डबा आणायचा असला तर आण. नुसता आण, बरोबर कागद नको. ऋषिराजलाही घेऊन ये, त्याला खोडरबर धरायला शिकवते. रूळ मी काढलेले नाहीत. आई त्यांच्यावरनं गुडघा उचलून ओलांडून जाते, वैतागते, पण हलवू देत नाही.

सातबाऱ्यावर तुझ्या नावाच्या खाली आणि आईच्या वर आहे ती,
दीपमाला आनंदराव जगदाळे