न दिलेली दाद

सत्यशीलाताई, जयभीम.

आपल्या व्हॉट्सॲपच्या कवी ग्रुपात कुणीबी चार ओळी टाकल्या की सगळ्यात आधी माझं 'वा, क्या बात!' यायचं. तुमी पाथरीहून आईच्या चपलांवरची तुमची पहिली कविता टाकली, तवा मातर मी लिहिलं, 'अजून लय वाचन करा.' ग्रुपचा ॲडमिन मी, मीच असं बोललो म्हणून बाकीचेबी गप बसले. तुमी कविता पुसली आन् ग्रुप सोडला.

खरं सांगू? ती वाचून मला माझ्या तीस वर्षांच्या वह्यांची लाज वाटली होती. हे पत्र तीनदा लिहिलं, पण धाडायची हिंमत होत न्हाई.

तुमची ती कविता मला तोंडपाठ हाय, ताई. माझी स्वतःची एकबी न्हाई.

तुमचा अपराधी,
भगवानराव, वालूर