केंद्र सोनपेठला, माणसं फडात

सोनपेठ, रविवार

आदरणीय सुगतमामा,

भाची सुकेशनीचा सप्रेम जय भीम. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींची साखर आटोक्यात आहे का? इकडं सगळे धडधाकट आहेत, आई तर जरा जास्तच. (तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. पोस्टमन निदान दार तरी वाजवील.)

तुम्हाला ठाऊकच आहे, मी इथं ऊसतोड कामगारांचं मदत केंद्र चालवते. दिवाळीच्या सुमाराला इकडची कुटुंबं तोडीला पार सातारा-सांगलीकडं जातात. त्यांच्या मागं राहिलेल्या लेकरांना जेवू घालायचं आणि तिकडं उसाच्या फडात कुणी अडलं तर फोनवरून वाट काढायची, हे आमचं काम. निधी पुण्याची एक संस्था देते. तो चालू ठेवायचा का बंद करायचा, हे ठरवायला त्यांच्या अर्पितामॅडम दिवाळीआधी येणार होत्या. आल्या मागच्या आठवड्यात. तोवर सगळी माणसं उसात! स्थलांतर करणारांचं केंद्र बघायचं आणि ती माणसं जागेवर बसलेली पाहिजेत, हे कसं जमावं?

आमचे अध्यक्ष माणिकराव म्हणाले, "माणसंच पायजेत ना? आनतो की." मी नको नको म्हणेपर्यंत (खरं तर फार जोरात म्हणाले नाही) त्यांनी अर्धी गल्ली सतरंजीवर आणून बसवली. पुढच्या रांगेत आश्रुबाकाका, कडक इस्त्रीचा सदरा घालून. मॅडमनी नेमकं त्यांनाच विचारलं, "काका, दरवर्षी कुठं जाता?"

"परभणीला, लेकीकडं."

"तिथं काय त्रास होतो?"

"जावयाचा."

मॅडमनी ते लिहूनही घेतलं. माणिकरावांना खोकल्याची उबळ आली. शेजारच्या कडूबाई तर उघडच विचारायला लागल्या, "चहा कवा हाय? म्हशी सोडायच्यात मला."

तेवढ्यात माझा फोन वाजला. फडातून बबिता बोलत होती. तिचे दिवस भरलेले, कळा सुरू झालेल्या, नवरा गाडीबरोबर कारखान्यावर गेलेला, आणि टोळीचा मुकादम ट्रॅक्टर द्यायला तयार नव्हता. मी मॅडमला विसरले. मुकादमाला फोनवर घेतलं, विनवलं, मग कायदा सांगितला. तो म्हणाला, ऊस वाळायलाय, संध्याकाळी बघू. मी पुन्हा पहिल्यापासून कायदा सांगायला लागले, मामा.

आई लेकरांच्या भाकरी थापत होती. तशीच उठून आली आणि पिठाच्या हातानं फोन ओढून घेतला. "तू कुनाचा रं? कोन्त्या गावचा?" तो निघाला राणीसावरगावचा, आईच्या माहेरचाच. "मंग तानुबाईचा थोरला का तू? आरं, तुझ्या टायमाला तुझी माय अडली व्हती, तवा बैलगाडी कुनी जुपली ते इचार तिला! का मीच जाऊन इचारू, चार बायकांत?" तिकडून आवाज आला तो ट्रॅक्टर सुरू झाल्याचाच.

फोन ठेवून आईनं मॅडमकडं मोर्चा वळवला. "बाई, ही समदी गल्लीतली माणसं हाईत. ज्यायच्यासाठी तुमी आलाव, ती कवाच गेली. तुमी उशिरा आलाव." माणिकराव सतरंजीची घडी घालायला लागले, माणसं अजून तिच्यावरच बसलेली!

मॅडमनी वहीतला जावई खोडला आणि लेकरांच्या पंगतीत जेवायला बसल्या. निघायची गाडी सोडून दिवेलागणीपर्यंत थांबल्या. बबिताला सरकारी दवाखान्यात मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत असा फोन आला, तेव्हा माझ्याआधी मॅडमच रडल्या.

काल कळवलं त्यांनी. निधी चालू राहणार. शिवाय फडाजवळ दुसरं केंद्र उघडायचं, मी गुढीपाडव्यापर्यंत तिकडं राहायचं आणि इथलं माझ्या मदतनीस निकितानं बघायचं. आनंदी आनंद!

मामींना जय भीम, लेकरांना गोड पापा.

तुमची भाची,
सुकेशनी

ता. क. आई पाडव्यापर्यंत तुमच्याकडं राहील. थोरली बहीण आहे तुमची, परकी नव्हे. तिला फडाकडं नेलं असतं, पण मग मुकादमच गाव सोडून पळतील.

ता. क. दुसरा. तिला आज सकाळीच एसटीत बसवून दिलंय. तुम्हीच लय आग्रहानं बोलावलंय असं सांगितलंय, तेवढं सांभाळून घ्या.