घट्ट झालेलं स्टिअरिंग

वसई, मंगळवार, फेब्रुवारी १९५१

लढाईतली भंगार जीप म्हणून हसणाऱ्यांनी आता येऊन बघावं! पास्कू मिस्त्रीने आज स्टिअरिंगचे झिजलेले सांधे बदलले, पोटाखाली जाड पत्रा मारला, पुढे लोखंडी गार्ड बसवला. खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून होड्यांना लावतात ते मासळीचं तेल मी खालून चोपडलं. वास येतो, येऊ दे.

आणि मग मी काय केलं? पहिल्याच वळणावर गाडी आपल्याच केळीत घातली.

दोन वर्षांची सवय. ढिलं स्टिअरिंग पाव फेरा फुकट फिरायचं, मग कुठे चाकं वळायची. आज हातांनी तोच पाव फेरा जास्तीचा मारला, आणि गाडीने तो निमूट ऐकला. गार्डला ओरखडा नाही. केळी मात्र आडव्या.

सुमती पदर खोचून आली. "अहो, उतरा. मला बसू द्या."

गिअर तिला मीच शिकवले होते, पण त्या ढिल्या स्टिअरिंगवर तिचा विश्वास नव्हता, म्हणून ती कधी चालवायला बसलीच नव्हती.

"किती फिरवायचं?"

"वळायचं असेल तेवढंच."

विहिरीपर्यंत नेली आणि सरळ परत आणली. बायकोने!

उद्या केळीचे घड स्टेशनला न्यायचेत, खाडीच्या बांधावरून. रुंदी जीपपुरती, दोन्हीकडे पाणी. हा पाव फेरा माझ्या हातांतून आठवड्याभरात जाईल, शंकाच नाही. पण बांध उद्या आहे.

चालवेल सुमती. मी शेजारी बसेन, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.