आधी चौथं वाचा

३ फेब्रुवारी १९९६

आज सकाळी सव्वाअकराला माझं आयुष्य बदललं. बँक कॉलनीतली मानसी, मी कामाला आहे त्या भाईदासच्या रद्दीच्या दुकानात आली — सरळ माझ्यापुढे. "'तारापार'ची पुस्तकं आहेत ना? आधी कुठलं वाचायचं?"

'तारापार' म्हणजे केबलवर हिंदीत लागते ती अंतराळयानाची इंग्रजी मालिका. हजीऱ्याच्या प्लांटवरचे गोरे इंजिनिअर परत जाताना त्यावरच्या इंग्रजी कादंबऱ्या रद्दीत टाकून जातात. आमच्याकडे नऊ आहेत. नऊही डिक्शनरी घेऊन वाचल्यात. दुसऱ्या वर्षाला सरांशी भांडून कॉलेज सोडलं, त्यानंतर एवढाच अभ्यास.

आणि नेमकी जीभ चिकटली. चिठ्ठीच लिहून दिली: 'आधी चौथं वाचा. पहिल्यात टीव्हीवरचेच दोन भाग पुन्हा सांगितलेत. दुसरं लिहिणाऱ्याने मालिका पाहिलेलीच नाही. चौथ्यात इंजिनखोलीतला म्हातारा मेकॅनिक आहे. टीव्हीवर त्याला कोणी बोलूच देत नाही, इथे तोच बोलतो.'

८ फेब्रुवारी

चौथं परत आलं. चिठ्ठीमागे पेन्सिलीने: 'चौथ्यापासून सुरुवात — बरोबर. म्हाताऱ्याला मारायला नको होतं.'

चिठ्ठी खिशात. घरी मला एकट्यालाच हसताना पाहून आई म्हणाली, "एकलाच काब्र हासी ऱ्हायना रे?"

९ फेब्रुवारी

एक गिऱ्हाईक म्हणालं, टीव्हीवरून काढलेली पुस्तकं म्हणजे कचरा. मी त्याच्या हातातलं मासिक काढून घेतलं. गिऱ्हाईक पळेल म्हणून भाईदास गुजरातीत ओरडले, "अल्या, घराकने भगाड नहीं!"

१७ फेब्रुवारी

तिला सहावं दिलं. चिठ्ठी चार वेळा लिहिली, तीन फाडल्या. 'यात प्रेम आहे, पण घाई नाही. कप्तान आणि डॉक्टरीणबाई दोनशे पानं एकमेकांना अहो-जाहो करतात. सावकाश वाचा.'

यापेक्षा स्पष्ट काय लिहायचं?

२२ फेब्रुवारी

उत्तर: 'डॉक्टरीणबाईंनी आधीच विचारायला हवं होतं. पान ११२ ला रडलो.'

रडलो?

कोल्हापूरकडच्या मुली असंच बोलतात म्हणे. मानसी कोल्हापूरची असेल.

२३ फेब्रुवारी

नाशिकची आहे. तिलाच विचारलं.

२६ फेब्रुवारी

काठी टेकत एक गृहस्थ आले. "योगेंद्र तूच ना? मी प्रभाकर, मानसीचा बाबा. पाय मोडला होता, म्हणून तिला पाठवायचो. पुस्तकं फार नेमकी सुचवलीस हो." मग हळूच, "सहाव्याची चिठ्ठी मात्र मला जरा जास्तच गोड वाटली."

भाईदास दहा मिनिटं हसत होते. त्यांचा गळा धरावासा वाटला. मग मलाही हसू आलं.

पण प्लास्टर निघालंय. आता ते स्वतःच येणार. म्हणजे ती येणार नाही. त्यांना नववं दिलं. चिठ्ठी कोरडी: 'शेवट बरा आहे.'

२ मार्च

तिच्या बाबांनी नववं परत आणलं. चिठ्ठीमागे शाईने, वेगळंच अक्षर: 'बाबांच्या आधी सगळी मीच वाचत होते. पान ११२ ला मी रडले नाही. तिथे रडण्यासारखं काय आहे ते सांगायला आज सहाला चौपाटीवर या. डॉक्टरीणबाईंसारखी दोनशे पानं मी थांबणार नाही. — मानसी'

भाईदास लग्नाला गेलेत, दुकान माझ्या भरवशावर. साडेपाच झाले. उद्या खाईन शिव्या. निघालो — दार ओढून घेतोय.